तांबड्या बटनाखालची दोरी

तुमच्या विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत आत्ता काय खुपसलेलं आहे?

काडी? बाभळीची काटकी? सायकलच्या तारेचा तुकडा? आमच्या कोपरगाव भागात मी ज्या ज्या विहिरीवर गेले तिथं काही ना काही सापडलंच, म्हणून विचारते. व्होल्टेज पडलं की स्टार्टर आपणहून मोटार बंद करतो. ती मोटार वाचावी म्हणूनच केलेली सोय आहे. पण उसाला पाणी धरलेल्या माणसाला दर वेळी चिखल तुडवत विहिरीपर्यंत यायचा कंटाळा येतो. मग हिरवं बटन दाबलेलंच राहावं म्हणून तो त्यात काडी अडकवतो. मोटार चालू राहते. जळेपर्यंत चालू राहते.

मला खरं तर लिहायचंय ते समुद्राबद्दल. थायलंडच्या एका बेटाबद्दल, तिथल्या निळ्याशार पाण्याबद्दल आणि पाण्यावर धावणाऱ्या जेट-स्कीबद्दल. पण काडीपासून सुरुवात केल्याशिवाय मला तिथपर्यंत पोहोचता येत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मोटार रिवाइंडिंग करतात. तालुक्याच्या गावी बाजाराच्या रस्त्याला त्यांचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी येतात, जुनी काळी तार उपसून नवी तांब्याची तार भरली जाते. दुकानभर व्हार्निशचा वास. नवे पंप आणि स्टार्टरही ते विकतात. आई अंगणवाडीत आहे. ती मोर्चाला जायची तेव्हा उरलेली पत्रकं घरी यायची. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापलेल्या बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे असेल, काही चुकीचं दिसलं की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ कांद्याच्या शेवटच्या पाण्याला आमच्या शेजारच्या मळ्यातला माणूस विहिरीवर गेला. मोटार जळत होती आणि काडीमुळे बंद होत नव्हती. करंट पाइपात उतरला होता. त्यानं पाइपाला हात लावला. त्याची बायको भाकरी घेऊन आली तेव्हा मोटार अजून घुंई घुंई करत होती.

ती काडी अण्णांनी लावून दिली होती. त्या माणसानं हट्ट धरला म्हणून, उपकार म्हणून.

मी पत्रक लिहिलं. ‘काडी काढा’ एवढाच मथळा. कुणाचं नाव घातलं नव्हतं. गावाला नावाची गरज नव्हती. बाजाराच्या दिवशी मी ते स्वतः वाटलं. एक प्रत कुणीतरी अण्णांच्या काउंटरवर नेऊन ठेवली. अण्णांनी ती उभ्यानं वाचली, चार घड्या घातल्या आणि व्हार्निशच्या डब्याखाली सरकवली. त्यानंतर कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. जे बोलायचं ते आईमार्फत. “तिला म्हणावं, जेवून घे.” मी समोरच बसलेली असायचे.

यंदा पंपाच्या कंपनीनं चांगली विक्री केलेल्या दुकानदारांना सहल दिली. माणशी दोन तिकिटं. आई म्हणाली, “माझे गुडघे विमानात चढायचे नाहीत. लेकीला घेऊन जा.” ती मुद्दाम म्हणाली, हे आम्हा दोघांनाही कळलं. माझा अशा सहलींना विरोध आहे, तोही मी लिहिलेला आहे. पण अण्णा संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसले आणि किती महिन्यांनी थेट मला म्हणाले, “येतीस का?”

मी हो म्हटलं.

“एक अट हाय. चार दिस पत्रक बंद. भाषन न्हाई, शिकवन न्हाई. लोक मौज कराया येत्यात.”

“बरं, अण्णा.”

“शब्द दे.”

मी शब्द दिला.

बेटावर आमच्या जिल्ह्यातले पंधरा-वीस दुकानदार होते. राहुरीचे, नेवाशाचे, श्रीरामपूरचे. नाश्त्याला शेंगदाण्याची चटणी निघायची, कुणी ठेचा आणलेला. अण्णा त्यांच्यात खुलले होते. फुलाफुलांचा शर्ट त्यांनी तिथंच घेतला आणि आईला फोटो पाठवायला मलाच लावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी जेट-स्कीची फेरी होती. गाईडच्या मागून रांगेनं जायचं, समोरच्या लहान बेटाला वळसा घालायचा, दगडी कड्याच्या पलीकडे थोडं थांबायचं आणि परत. सहा जेट-स्की. आम्ही दोघं एकीवर, अण्णा पुढे, मी मागे.

गाईड चाळिशीतला, उन्हानं रापलेला. पर्यटकांकडून शिकलेली मोडकी हिंदी बोलायचा. त्यानं मूठ वर केली: थांबा. तळहात खाली दाबला: हळू. मग त्यानं एक तांबडी दोरी दाखवली, टेलिफोनच्या जुन्या वायरीसारखी वेटोळ्यांची. एक टोक मनगटाला बांधायचं. दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची चिमटी. ती तांबड्या बटनाखाली बसवली तरच एंजिन चालतं. माणूस पडला की दोरी ओढली जाते, चिमटी निसटते आणि एंजिन तिथंच बंद पडतं.

“तुम गिरा, ये रुका,” तो म्हणाला. “तुम्हारे पास रुका.”

अण्णांनी वाकून नीट पाहिलं. हिरवं बटन, तांबडं बटन. “आपलाच स्टार्टर हाय की!” सगळे हसले. गाईडनं दोरी त्यांच्या मनगटाला बांधली आणि दोनदा ओढून पाहिली.

किनाऱ्याजवळच पहिली गंमत झाली. फोटो काढणाऱ्याला हात करायला अण्णांनी हात जोरात वर केला, दोरी ताणली, चिमटी निसटली. आम्ही जागच्या जागी डुचमळत उभे.

“अहो, लोडशेडिंग झालं का?” नेवाशाचे दुकानदार ओरडले.

गाईड मागे आला, चिमटी बसवली, बोट हलवून काहीतरी म्हणाला. पुन्हा निघालो. थोडं पुढे गेल्यावर अण्णा टोपी सावरायला गेले आणि पुन्हा तेच.

“मोटारवाल्याचीच मोटार बंद! आता रिवाइंडिंगला कुनाकडं टाकता?”

“पाव्हणं, पोरीला पुढं बसवा!”

हसण्याचा फवाराच उडाला. अण्णाही हसले, पण त्यांच्या कानाचा मागचा भाग लाल झालेला मला दिसत होता. या वेळी चिमटी त्यांनी स्वतःच बसवली. रांग पुढे निघाली. सगळ्यात शेवटी आम्ही. आणि मग, चालत्या जेट-स्कीवर, त्यांनी मनगटावरची दोरी सोडली आणि हँडलला दोन वेढे देऊन गुंडाळली. सफाईनं. हे हात आयुष्यभर तेच करत आले होते.

मी पाहिलं. मी पाहिलं हे इथं स्पष्ट लिहिते.

“अण्णा, ती दोरी...”

त्यांनी मान न वळवता डावा हात वर केला आणि चार बोटं दाखवली. चार दिवस.

मी गप्प बसले.

केवळ शब्द दिला होता म्हणून गप्प बसले असं म्हणाले तर ते खोटं होईल. मला मजा येत होती. पाणी काचेसारखं होतं, खालचे दगड दिसत होते, वारा तोंडावर आपटत होता. आणि मी अण्णांच्या कमरेला दोन्ही हातांनी धरून बसले होते. लहानपणी ते मला लुनावर मागे बसवून दुकानात न्यायचे त्यानंतर पहिल्यांदाच. ते सुख मला मोडायचं नव्हतं. एका वाक्यानं ते मोडलं असतं. म्हणून मी ते वाक्य गिळलं.

कड्याजवळ रांग वळली. पुढच्या पाचही जेट-स्की दगडाआड गेल्या. तेवढ्यात उजव्या बाजूनं प्रवाशांची मोठी बोट गेली. तिच्या मागची लाट मला उशिरा दिसली. अण्णांना बहुधा दिसलीच नाही. आम्ही तिच्यावर आडवे आदळलो.

पाण्याबाहेर डोकं आलं तेव्हा तोंडात खारट, नाकात खारट. जाकिटानं मला वर धरलं होतं. चार-पाच हातांवर अण्णा होते, केस डोळ्यांवर आलेले. मी हसलेसुद्धा. आणि मग जेट-स्कीकडे पाहिलं.

ती चालू होती. दोरी हँडलला गुंडाळलेली, चिमटी बटनाखाली घट्ट. एंजिन गुरगुरत होतं आणि ती सावकाश, अगदी सावकाश, आमच्यापासून दूर सरकत होती.

“थांब, आनतो,” अण्णा म्हणाले आणि निघाले.

अण्णा पट्टीचे पोहणारे. आमच्या वाडीतली निम्मी पोरं त्यांनी विहिरीत शिकवली. आमच्याकडे पाठीला रिकामा कॅन बांधून पोराला पाण्यात सोडतात. पोर हातपाय मारायला लागलं की एक दिवस त्याला न सांगता, पाण्यातच, मागून दोरी सोडायची. कॅन एकीकडे तरंगत जातो, पोर दुसरीकडे पोहत राहतं आणि काठावरचे टाळ्या वाजवतात. माझा कॅनही त्यांनी असाच सोडला होता. तेव्हापासून पाठीवर काही बांधून पाण्यात उतरणं म्हणजे कच्चेपणा, हे आमच्या सगळ्यांच्या अंगात भिनलेलं आहे.

जाकिटात त्यांचे हात नीट फिरत नव्हते. ते थांबले. मी पाहत होते. त्यांनी पुढची बकलं काढली.

“अण्णा, जाकीट काढू नका!”

“हे काय दहा हातावर तर हाय!”

विहीर असती तर होती दहा हातांवर. विहिरीत कुठल्याही बाजूला दहा हात मारले की दगड लागतो. इथं ते दहा हात पुढे गेले आणि जेट-स्की अकरा हात पुढे सरकली. भगव्या रंगाचं ते जाकीट माझ्याकडे वाहत आलं, रिकामं, छाती उघडी टाकून. मी ते धरलं. त्यांच्यामागे निघाले, पण मला कुठं तेवढं पोहता येतंय! प्रत्येक लाटेवर चढलं की त्यांचं डोकं दिसायचं. प्रत्येक लाटेखाली गेलं की दिसेनासं व्हायचं. मग एका लाटेवर चढले आणि ते दिसलं नाही. पुढच्या लाटेवरही नाही.

मी ओरडले. मोर्च्यात माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो, त्याचा मला अभिमान होता. सगळा जीव एकवटून मी “अण्णा” म्हणून ओरडले आणि तो आवाज चार लाटांपलीकडे गेला नाही. मग “हेल्प”, मग “बचाओ”, मग नुसताच आवाज, ज्याला कुठली भाषा नव्हती. कड्याच्या पलीकडून काहीही आलं नाही. पलीकडे ते सगळे थांबून फोटो काढत असणार. बेटावरची नारळाची झाडं दिसत होती. त्यांच्याखाली छत्र्या, खुर्च्या, माणसं. इतकी जवळ की त्यांचे कपडे ओळखू यावेत, आणि तरीही कुणाला काही पत्ता नाही.

किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही. त्या रिकाम्या जाकिटाला मी छातीशी धरलं होतं आणि त्याच्याशीच बोलत होते. मी म्हणत होते की मी पत्रक फाडून टाकीन. सगळी पत्रकं. पुन्हा लिहिणार नाही. मग म्हणत होते की लिहीन, आयुष्यभर लिहीन, फक्त एकदा डोकं वर काढा. पाण्यात माणूस कुणाशीही कसलाही सौदा करतो. मला तर आधी बोलायचं एकच वाक्य होतं आणि ते मी बोलले नव्हते. “अण्णा, दोरी हाताला बांधा.” चार शब्द.

गाईडनं कड्यापलीकडे माणसं मोजली असणार. तो एकटाच सुसाट परत आला. माझ्याजवळ येऊन त्यानं हात पुढे केला. मी तो धरला नाही. मी रिकामं जाकीट वर करून दाखवलं आणि ज्या दिशेला डोकं शेवटचं दिसलं होतं तिकडे बोट केलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गळून पडलेलं मी पाहिलं. एक क्षणही न घालवता तो वळला.

अण्णा सापडले. ते पालथे होते, की उताणे, मी विचारलेलं नाही. गाईडनं त्यांना जेट-स्कीवर आडवं घेतलं, किनाऱ्यावर वाळूत टाकलं, छाती दाबली, पाणी काढलं. बेटावरच्या लहान दवाखान्यातून बोटीनं मोठ्या दवाखान्यात. तिथं दोन दिवस त्यांच्या तोंडात नळी होती. सहलीतले लोक ठरलेल्या विमानानं परत गेले. जाताना नेवाशाचे दुकानदार माझ्याजवळ आले. त्यांच्या हातात अण्णांची टोपी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. आवाज फुटत नव्हता. मी कान जवळ नेला. वाटलं, आईबद्दल विचारतील, किंवा पाणी मागतील.

“तू बोलली का न्हाईस?” ते म्हणाले.

मी म्हटलं, “तुम्हीच शब्द घेतला होता.”

“व्हय. पर माझं ऐकायचं हुतं व्हय तवा?”

 

अण्णा घरी आले. वाचले, असं लोक म्हणतात. फुप्फुसात कायमचं काहीतरी राहून गेलंय. दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना ते मधल्या पायरीवर थांबतात आणि कुणी पाहत नाही ना ते बघतात. मोटार उचलणं संपलं. गावात गोष्ट पोहोचली ती गमतीची म्हणून. “अण्णा समुद्रात मोटारसायकलवरनं पडले म्हनं!” पारावर अजून हसतात. दोरीबद्दल कुणालाच ठाऊक नव्हतं. आईलाही मी सांगितलं नव्हतं. ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल.

मागच्या आठवड्यात मी दुकानात होते. एक ओळखीचा शेतकरी आला. कांद्याची रोपं टाकलेली, दिवसा लाइट कमी दाबानं येते, स्टार्टर सारखा पडतो.

“अण्णा, तेवढा बायपास करून द्या. न्हाईतर काडी लावतो आपली.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाट पाहत होते, हे मला कळलं. मी बोलले. सगळं बोलले. शेजारच्या मळ्याचं, मोटारीचं, करंटचं. पहिल्यांदाच दोरीचंही बोलले. शेतकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली.

“तुझं खरं हाय ताई. पर माझी रोपं करपत्यात. व्होल्टेज तू आनतीस का?”

आणि तो गेला. वीज कार्यालयावर त्या कमी दाबासाठी आम्ही दोन मोर्चे नेले आहेत, तिसरा नेऊ. पण त्या माणसाची रोपं तिसऱ्या मोर्च्यापर्यंत थांबणार नव्हती आणि त्याला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. संध्याकाळी अण्णा म्हणाले, “पलीकडच्या दुकानातनं करून घेतलं त्यानं.” एवढंच. मग ते मधल्या पायरीवर बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. समोरून ऊसतोडीचे ट्रॅक्टर जात होते आणि त्या आवाजातही मला ते एंजिन ऐकू येत होतं, सावकाश दूर सरकणारं, कुणीही वर बसलेलं नसताना चालू.

मी प्रत्येक विहिरीवर पोहोचू शकत नाही. माझं पत्रक तर व्हार्निशच्या डब्याखाली गेलं. म्हणून हे तुमच्या हातात देते आहे. हे वाचून झालं की उठा. पायात चपला घाला, हात कोरडे करा, विहिरीवर जा. आधी मेन स्विच बंद करा, मग पेटी उघडा आणि आत जे काही खुपसलेलं असेल ते काढून फेकून द्या. शेजाऱ्याच्या पेटीत दिसलं तर त्याला तोंडावर सांगा. तो हसेल, चिडेल, कदाचित पुष्कळ दिवस बोलणार नाही. तरी सांगा. आजच सांगा.